वाचनालयाचं खातं कसं काढायचं, कसं वापरायचं आणि मदत करायची तर नेमकी काय (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

मागे घर आवरताना दोन मोठ्या पिशव्या भरून पुस्तकं निघाली, म्हटलं रद्दीवाल्याला कशाला, वाचनालयाला देऊ, तेवढंच पुण्याचं काम. रिक्षा करून नेली. काउंटरवरच्या मॅडमनी एकेक पुस्तक उघडलं, शिवण बघितली, वास पण घेतला, आणि एक्केचाळीसातली तीन बाजूला ठेवली. बाकीची परत न्या म्हणाल्या, जागा नाहीये. त्यात माझी इंजिनिअरिंगची गाईडं, कधीच्या काळातली कॉम्प्युटरची पुस्तकं आणि वाळवीने अर्धी खाल्लेली एक कादंबरी होती, तरी मला राग आला. निघताना त्यांनी सहज विचारलं, "तुमचं खातं आहे का इथे?" नव्हतं. अकरा वर्षं ऐरोलीहून ठाण्याला ये-जा, आणि खातं नाही!

तर मी उलटीकडून सुरुवात केली, तुम्ही सरळ करा.

१. आधी नुसतं जाऊन बसा

ठाण्यात नाव घेण्यासारखी दोन जुनी वाचनालयं आहेत. ठाणे नगर वाचन मंदिर १८५० चं, म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ ला, त्याच्याही आधीचं. आणि मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, ते सुरू करण्यात पुढाकार होता 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भावे यांचा, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. दोन्ही पश्चिमेला. नवी मुंबईत असाल तर ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला उतरून काम होतं, पण आपल्या नोडमध्ये (म्हणजे ऐरोली, वाशी असा आपला भाग) काय आहे ते पण एकदा बघा, सेक्टरच्या समाजमंदिरात वगैरे छोटं वाचनालय असतं आणि समोर राहणाऱ्यांना पण माहीत नसतं.

पेपर आणि मासिकांचा मुक्तद्वार विभाग असेल तर तिथे बसायला सभासद असावं लागत नाही. सकाळी गेलात तर रिटायर्ड काकांचा कोपरा ठरलेला असतो, त्यांच्या खुर्चीवर बसू नका, एवढं सांभाळा.

२. खातं काढा

ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी, बस. अनामत परत मिळते, पावती मात्र जपून ठेवा, मी माझी फोनमध्ये फोटो काढून ठेवलीये. एका वेळी किती पुस्तकं मिळणार ते वर्गणीच्या वर्गावर असतं. वेळ आणि सुट्टीचा वार फोन करून विचारा कारण दुपारी बंद ठेवणारी वाचनालयं भरपूर आहेत आणि भर उन्हात कुलूप बघून परत येणं म्हणजे डोक्याला ताप.

३. पुस्तक शोधायची युक्ती

काही ठिकाणी कपाटापर्यंत जाता येतं, काही ठिकाणी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि आतून पुस्तक येतं. दुसरा प्रकार असेल तर एक नाव घेऊन जाऊ नका, पाच-सहा नावं लिहून न्या, पहिली दोन हमखास बाहेर गेलेली असतात. आणि खरा खजिना कपाटात नसतोच, तो असतो नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावर, कारण तिथलं प्रत्येक पुस्तक कोणीतरी नुकतंच वाचलेलं असतं. मी अर्धी पुस्तकं तिथूनच उचलतो. मागे चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीवर शेवटचा शिक्का १९९८ चा असलेलं एक प्रवासवर्णन मिळालं होतं मला एकदा, पंचवीसेक वर्षं कोणी हात लावला नव्हता आणि काय सुंदर होतं ते!

हवं ते पुस्तक नसेल तर हळहळत बसू नका, मागणीची वही असते त्यात लिहा, नाव, लेखक, प्रकाशक सगळं नीट. खरेदीच्या वेळी ती वही बघतात.

४. दिवाळी अंक

हा हिशोब तर डोळे झाकून पटतो. चार-पाच अंक विकत घेतले की हजार-दीड हजार सहज जातात, वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना असेल तर वेगळी थोडी वर्गणी भरून कितीतरी अंक फिरवून वाचता येतात. १९०९ पासून चालू असलेली ही आपली परंपरा आहे, पण नाव लवकर नोंदवा, लक्ष्मीपूजनानंतर गेलात तर चांगले अंक दुसऱ्यांच्या घरी पोचलेले असतात.

५. आता मदत

हे मला उशिरा कळलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत, संस्था चालवतात आणि सरकार १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान देतं. कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर घेतात, आपल्याकडे तसा उपकर नाही, त्यामुळे सगळी भिस्त अनुदान, वर्गणी आणि देणग्यांवर. अनुदान किती ते अ, ब, क, ड या वर्गावर ठरतं आणि वर्ग ठरताना बघतात पुस्तकं किती, सभासद किती, पेपर-मासिकं किती येतात, किती तास उघडं असतं. म्हणजे तुम्ही नुसतं खातं काढून दर पंधरा दिवसांनी पुस्तक बदललंत तरी रजिस्टरला एक माणूस वाढला. माझ्या त्या दोन पिशव्यांपेक्षा त्या मॅडमना हे जास्त हवं होतं.

पुस्तकं द्यायचीच असतील तर आधी यादी व्हॉट्सअॅपवर पाठवा, कोणती हवीत ते त्यांना ठरवू द्या. गाईडं, जुन्या आवृत्त्या, बुरशी लागलेलं काही नको. पैसे देत असाल तर आयकरात सवलत देणारी पावती (८०जी ची म्हणतात ती) मिळते का विचारा, ती सवलत जुन्या करपद्धतीतच आहे आणि दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर मिळत नाही, चेक नाहीतर ऑनलाइन द्या.

वार्षिक सभेची नोटीस बोर्डावर लागते, मतदानाचा हक्क असलेले सभासद असाल तर जा. अभ्यासिकेचा पंखा बंद आहे, मुलांच्या विभागात नवीन काही येत नाही, हे तिथे बोलायचं, बाहेर चहाच्या टपरीवर नाही.

६. पुस्तक घरी आल्यावर

फाटलेलं पान सेलोटेपने चिकटवू नका, वर्षा-दोन वर्षात ते पिवळं पडून कागद खातं, तसंच परत द्या आणि सांगा. पेन्सिलने खुणा नकोत. एक कोणीतरी गृहस्थ आहेत, ते अख्ख्या पुस्तकाचं शुद्धलेखन तपासून ठेवतात, समासात बाण काढून, मला त्यांचं अक्षर आता ओळखू येतं (आणि ते ऱ्हस्व-दीर्घात कधीच चुकत नाहीत, हे पण खरंय).

आणि जून ते सप्टेंबर बॅगेत एक जाड प्लास्टिकची पिशवी कायम ठेवा. स्टेशनबाहेर आलात आणि पाऊस आडवा यायला लागला तर छत्री कितीही मोठी असू दे, बॅग भिजतेच, आणि भिजलेल्या पुस्तकाची भरपाई मी एकदा भरलीये.