नकाशात पत्ता शोधताना या चुका टाळा

कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता गुगल मॅप्सच्या शोधचौकटीत जसाच्या तसा चिकटवू नका. ‘द्वारा अमुक, फ्लॅट ७, बी विंग, गणपती मंदिरासमोर’ हे सगळं आधी काढा. सोसायटीचं नाव, रस्ता, उपनगर, शहर आणि पिनकोड एवढं पुरतं. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर टाकून बघायचा मोह होतो, पण ती जमिनीच्या दफ्तरातली ओळख. नकाशा बहुधा भलतीकडेच बोट दाखवतो.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्या सूचनेवर टिचकी मारायची घाई. ‘वडगाव’ लिहिलं, यादी आली, वरचं दाबलं, निघाले! एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ आणि बारामतीकडचं वडगाव निंबाळकर आहे. वडगाव शेरीत उतरवायचं कपाट घेऊन टेम्पो वडगाव मावळात पोचला, की चाळीसेक किलोमीटर उलट यायचं आणि भाड्यावरून वाद घालायचा. पिनकोड बघितला तर हे टळतं, पण तोही नीट बघा. वडगाव शेरीचा ४११०१४, बुद्रुकचा ४११०४१. शेवटचे दोन आकडे उलटे पडले, की शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून सूचनेखालची बारीक अक्षरातली ओळ पूर्ण वाचायची, मग झूम करून ओळखीचा चौक किंवा शाळा जवळ दिसते का ते बघायचं. अर्धा मिनिट लागतो. तेवढाही धीर नसेल तर रिक्षावाल्यालाच विचारा.

शोधण्याआधी नकाशा त्या गावावर सरकवून ठेवा. समोर दिसणाऱ्या भागातली नावं शोधात सहसा आधी येतात.

अक्षांश-रेखांश टाकताना अक्षांश आधी. पुण्याचे १८.५२, ७३.८६ उलटे टाकले तर पिन थेट नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात पडते; ही चूक निदान लगेच दिसते तरी. फसवी चूक वेगळीच: १८ अंश ३१ मिनिटं हे १८.३१ असं लिहिणं. एका अंशात मिनिटं साठ, म्हणून ३१ भागिले ६०. बरोबर उत्तर १८.५२. १८.३१ लिहिलंत तर पिन तेवीसेक किलोमीटर दक्षिणेला जाते, आणि तिथेही रस्ते, घरं असल्यामुळे संशय येत नाही.

प्लस कोडचं, म्हणजे गुगल मॅप्स प्रत्येक जागेला देतं त्या अक्षर-आकड्यांच्या कोडाचं, छोटं रूप वापरताना पुढे गावाचं नाव हवंच. कोडात शून्य, एक आणि इंग्रजी स्वर येत नाहीत. ‘ओ’ दिसला तर उतरवून घेण्यात चूक झाली आहे.

औरंगाबाद शोधताना राज्य लिहा, किंवा २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर हेच नाव टाका. बिहारमध्येही औरंगाबाद आहे.

पाहुण्यांना पत्ता पाठवताना सोसायटीच्या नावावर विसंबू नका. पिन बऱ्याचदा आवाराच्या मधोमध असते आणि फाटक मागच्या गल्लीत. नकाशावर फाटकाच्या जागी बोट दाबून धरा आणि पडलेली पिन शेअर करा. लाइव्ह लोकेशन तर नकोच, ते फोनबरोबर फिरतं. तुम्ही दूध आणायला गेलात, की पाहुणेही डेअरीवर.