नाताळची तयारी : आधी गव्हाण रिकामी ठेवा

मी प्रसूतिकक्षात सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं रात्रपाळी. त्यामुळे लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट, वाचताना देवदूतांच्या आधी मी ‘बाळंत्याने गुंडाळून’ या शब्दांपाशीच अडते. नवजात बाळाची मान धरत नाही. एक हात मानेखाली घ्यायचा, दुपट्याचं एक टोक छातीवरून नेऊन पाठीखाली खोचायचं, मग पायाकडचं वर घ्यायचं आणि शेवटी दुसरं टोक. हात मोकळे राहिले तर बाळ स्वतःच्याच हातांना दचकून जागं होतं. ज्याने सगळं निर्माण केलं त्याला कुणीतरी असं गुंडाळावं लागलं, असं आपण ख्रिस्ती लोक मानतो. देवाने स्वतःला दुसऱ्याच्या हातात दिलं, हाच माझ्या लेखी नाताळ. तयारी करायची ती याची.

सुरुवात २४ तारखेला करून भागत नाही. आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघण्याचा काळ, नाताळच्या आधीचे चार रविवार धरून असतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवशी येशूच्या जन्माचा गोठा मांडा, पण गव्हाणीत बाळ ठेवू नका. मरिया, योसेफ, मेंढपाळ चालतील. बैल-गाढवही ठेवा, फक्त ते शुभवर्तमानात नाहीत, जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून गोठ्यात शिरलेत, हे मुलांना सांगून टाका. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाण उभी केली, तेव्हापासून हा प्रघात जास्त पसरला. रिकामी गव्हाण रोज नजरेस पडली पाहिजे. वाट बघणं शिकवायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. चार मेणबत्त्यांचं चक्र करत असाल तर उत्तमच, पण दोन्ही जमत नसेल तर मेणबत्त्या सोडा, गव्हाण सोडू नका.

वाचनासाठी लूक घ्या. अध्याय चोवीस आहेत, म्हणून १ डिसेंबरपासून रोज रात्री एक. मोठ्याने वाचायचं. घरात कुणी ऐकत नसलं तरी मोठ्यानेच, कारण मनात वाचताना डोळे ओळखीच्या ओळी गिळून टाकतात. या हिशेबात एक अडचण आहे, ती आधीच सांगते. सगळीकडे तारे टांगलेले असतात आणि २३ तारखेला तुमच्यासमोर क्रूस येतो. पहिल्या वर्षी मला ते इतकं विचित्र वाटलं, की तो अध्याय गाळावा असा विचार केला. गाळला नाही. शेवटाकडे अरिमथाईकर योसेफ (हा मरियेचा योसेफ नव्हे, दुसरा) येशूचं शरीर खाली काढतो, तागाच्या वस्त्रात गुंडाळतो आणि कबरेत ठेवतो. गुंडाळलं आणि ठेवलं. दुसऱ्या अध्यायात मरियेनेही हेच केलं होतं. वॉर्डात मी दोन्ही गुंडाळण्या केल्या आहेत, आणि दुसरी करतानाही हात आपोआप मानेखालीच जातो. त्या रात्री पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. तुम्हीही २३ तारखेला पुढे काही ठरवू नका.

मग उतारशाळा. मरिया-योसेफ मुक्कामाला आले तेव्हा तिथे ‘त्यांना जागा नव्हती’, हे वाक्य आपण बेथलेहेमच्या लोकांवर ढकलून मोकळे होतो. एका कागदावर एकच नाव लिहा, ज्याला तुमच्याकडे जागा नाही त्याचं. कागद घडी करून रिकाम्या गव्हाणीत, गवताखाली ठेवा. रोज त्या माणसासाठी प्रार्थना करा. तो सुधारावा म्हणून नव्हे, नुसतं नाव घेऊन. आणि २४ च्या आत फोन करा. माझ्या कागदावर नणंदेचं नाव होतं. पहिल्या वर्षी तिने फोन उचलला नाही. दुसऱ्या वर्षी उचलला, आणि आम्ही गुडघेदुखीवर वीस मिनिटं बोललो. तेवढंच झालं.

तारखेच्या वादात मात्र वेळ घालवू नका. येशूच्या जन्माची तारीख एकाही शुभवर्तमानात नाही. रोममधल्या ३५४ सालच्या नोंदीत २५ डिसेंबर सापडतो. जुन्या ज्युलियन पंचांगाने चालणाऱ्या मंडळ्यांचा नाताळ सध्या ७ जानेवारीला येतो.

२४ च्या रात्री उपासनेहून आल्यावर दिवे घालवा, बाळ गव्हाणीत ठेवा आणि दहा मिनिटं कुणी बोलू नका. ही बातमी पहिल्यांदा मिळाली ती रात्रपाळीवाल्यांना, कळप राखत जागणाऱ्या मेंढपाळांना. माझा तो आवडता मुद्दा आहे, कारण पहाटे तीन वाजता जागं असलेल्या माणसाला कुणीतरी येऊन काही चांगलं सांगावं असं किती वाटतं, ते मला माहीत आहे. एका वर्षी मी बाळाची मूर्ती इतकी जपून ठेवली होती की ऐन वेळी सापडेना. नातू अंधारातच म्हणाला, ‘‘आजी, आलाच नाही का तो?’’ कपाटं उपसली, शेवटी गव्हाणीत दुपट्याची एक घडी ठेवून प्रार्थना केली. मूर्ती जानेवारीत शिवणाच्या डब्यात निघाली.

आणि २६ ला आवराआवर नको. नाताळचे दिवस पुढे चालतात : २६ ला हुतात्मा स्तेफन, २८ ला हेरोद राजाने मारलेली बालकं. सण गोड करण्यासाठी हे दिवस झाकू नका, जन्माबरोबर ते आलेच. मागी लोकांना, म्हणजे देणग्या घेऊन बाळाला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि रोज थोडं पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोहोचतील. ते किती होते हे मत्तयाचं शुभवर्तमान सांगत नाही, देणग्या तेवढ्या तीन. तुमच्याकडे दोनच मूर्ती उरल्या असतील तरी बिघडत नाही.

त्यानंतर डबा भरायचा. बाळाला मी आता दुपट्याच्या तुकड्यात गुंडाळून सगळ्यात वर ठेवते आणि झाकणावर ठळक लिहिते : बाळ यात आहे.