अर्जेंटिनाच्या खटल्यांवर लिहिताना या चुका टाळा

हुकूमशाही कोसळल्यानंतर न्यायालयांनी काय करावे, ही चर्चा निघाली की अर्जेंटिनाचे उदाहरण हमखास दिले जाते आणि बहुतेक वेळा ते १९८५ सालीच संपवले जाते. लष्करी राजवट १९८३ मध्ये संपली, २२ एप्रिल १९८५ रोजी ब्वेनोस आयरेसच्या संघीय अपील न्यायालयात नऊ सेनाधिकाऱ्यांवरील सुनावणी सुरू झाली आणि ९ डिसेंबरला राजवटीचे सेनाप्रमुख विदेला व नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली, एवढे सांगून थांबणे ही पहिली चूक. त्याच निकालात चौघे निर्दोष सुटले होते आणि १९९० च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष मेनेम यांच्या माफीने विदेला व मासेरा तुरुंगाबाहेर आले.

या खटल्यात ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ असा आरोप होता, असेही सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात खून, छळ आणि बेकायदा डांबून ठेवणे या देशाच्या दंडसंहितेतल्याच गुन्ह्यांवर खटला चालला. त्यामुळे नवा कायदा मागच्या तारखेपासून लावल्याच्या आक्षेपाला जागा उरली नाही. ज्या सेनापतींनी स्वतः कोणाला हात लावला नव्हता, ते संपूर्ण यंत्रणेवरील ताब्यामुळे दोषी ठरले. सरकारी वकील स्त्रासेरा यांनी निवडक ७०९ प्रकरणे मांडली आणि ८०० हून अधिक साक्षीदार तपासले गेले.

आकड्यांत घोळ होतो तो आयोग आणि न्यायालय एकच समजल्यामुळे. राजवटीने नाहीशा केलेल्या, म्हणजे बेपत्ता व्यक्तींची ८,९६० ही संख्या सत्यशोधन आयोगाच्या १९८४ च्या अहवालातली असून मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. यांपैकी एकही आकडा म्हणजे न्यायालयाने सिद्ध झालेले मानलेले गुन्हे नव्हेत. (आणीबाणीनंतरच्या शाह आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल नव्हता, हे आठवले तरी पुरे.)

नंतरच्या पीछेहाटीबद्दल ‘न्यायालयांनी कच खाल्ली’ असे एका ओळीत म्हणणे अन्यायाचे ठरते. १९८५ च्या निकालानेच खालच्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला होता. तो फैलाव रोखण्यासाठी डिसेंबर १९८६ च्या ‘पूर्णविराम’ कायद्याने आरोपींना समन्स काढण्यास साठ दिवसांची मुदत घातली. तेव्हा अनेक संघीय न्यायालयांनी जानेवारीची सुट्टी रद्द करून शेकडो अधिकाऱ्यांना समन्स काढले. एप्रिल १९८७ मध्ये लष्करातील एका गटाने बंड केले, जूनमध्ये वरून आलेले आदेश पाळल्याच्या कारणाने खालच्या अधिकाऱ्यांना शिक्षेतून सोडणारा ‘आज्ञापालना’चा कायदा आला आणि तो मात्र सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. म्हणून कोणते न्यायालय आणि कोणता महिना, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या कायद्यांनी सगळी दारे बंद झाली, हा समज तर मुळातच चुकीचा आहे. कैदेतल्या मातांची बाळे पळवून त्यांची ओळख बदलण्याचा गुन्हा आज्ञापालनाच्या कायद्यातून वगळला होता आणि नातवंडांचा शोध घेणाऱ्या आज्यांनी तीच फट धरून ठेवली. विदेला यांना १९९८ मध्ये पुन्हा अटक झाली ती याच आरोपावरून. २००१ मध्ये पोलीस अधिकारी सिमोन याच्या खटल्यात विसंगती उघडी पडली: बाळ पळवल्याचा खटला चालू शकत होता, पण त्याच बाळाच्या आईवडिलांना नाहीसे केल्याचा चालू शकत नव्हता. न्यायाधीश काव्हाल्यो यांनी दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले. ‘२००३ मध्ये संसदेने कायदे रद्द केले’ एवढेच लिहिणाऱ्यांच्या हातून हा टप्पा निसटतो. सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २००५ रोजी काव्हाल्यो यांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा पेरूच्या माफी कायद्यांविरुद्ध आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २००१ मध्ये दिलेल्या निकालाचाही आधार घेतला.

आणि २००५ वर थांबणे हीसुद्धा चूकच, कारण मे २०१७ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने कच्च्या कैदेचे दिवस दुप्पट मोजण्याची सवलत अशाच एका दोषी आरोपीला लागू केली. आठवडाभरातच बेपत्तांच्या मातांची खूण असलेले पांढरे रुमाल घेतलेल्या लाखोंच्या गर्दीने ब्वेनोस आयरेसचा प्लासा दे मायो हा चौक भरून गेला, संसदेने ती सवलत अशा गुन्ह्यांना लागू नसल्याचा कायदा केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने आपली भूमिका बदलली.