रेडिओ कुठला घेऊ? थांबा, आधी अँटेनाचं बघा

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेखातर रेडिओवर एकमेकांशी बोलण्याच्या नादाला नवीन लागलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, कुठला हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ घेऊ. याला सरळ उत्तर देता येत नाही, कारण त्याआधीचं काही ठरलेलंच नसतं: बोलायचंय कोणाशी, किती लांब, आणि मधे काय आहे? डोंगर आहे, इमारती आहेत की मोकळं मैदान? हे ठरलं की बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा ठरतो, बँडवरून अँटेना ठरते, मग केबल, आणि रेडिओ सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, सगळं बजेट रेडिओवर उडवतात आणि उरलेल्या चिल्लरमधे मिळेल ती केबल नि मिळेल ती अँटेना.

लायसन्सचं आधी सांगून टाकतो. हॅम बँडवर बोलायचं तर परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं, नुसतं ऐकण्याचे नियमसुद्धा प्रत्येक देशात वेगवेगळे असतात, ते बघूनच खरेदी करा. काही देशांत बिनलायसन्सचे छोटे वॉकीटॉकी चालतात पण त्यांची पॉवर कमी आणि बहुतेकांची अँटेना बदलायला परवानगी नसते. आणि "इमर्जन्सीसाठी घेऊन कपाटात ठेवतो, वेळ आली की बटण दाबेन" असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी तो विचार सोडून द्या. रिपीटरचा (उंचावरचा, सिग्नल झेलून पुढे पाठवणारा रेडिओ) टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) आणि ऑफसेट (बोलायच्या नि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) ज्याने आयुष्यात कधी सेट केला नाही तो लाइट गेलेली असताना, अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत काय सेट करणार.

खरं तर संकटातला पहिला रेडिओ म्हणजे साधा एएम-एफएम ट्रान्झिस्टर, सेलवर चालणारा. त्याला कसलंच ट्रेनिंग लागत नाही. बहुतेक वेळा घरातल्यांना बातमी हवी असते, कुठला रस्ता बंद आहे, पाणी कधी येणार, वगैरे. एएम म्हणजे मीडियम वेव्ह रात्री शेकडो किलोमीटर लांबून येतं, आणि त्याची अँटेना रेडिओच्या पोटातच असते, फेराइटचा दांडा. वर ओढायची काडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते, एएमला तिचा उपयोग नाही, म्हणून स्टेशन पुसट येत असेल तर काडीशी झटापट न करता अख्खा रेडिओच हळूहळू गोल फिरवून बघा, एका दिशेला आवाज उचलला जातो.

आता बोलायचे रेडिओ. व्हीएचएफ-यूएचएफ, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा टू मीटर आणि ४३५ च्या आसपासचा सेव्हन्टी सेंटिमीटर बँड, हे साधारण नजरेच्या रेषेत चालतात. ढोबळ हिशोब असा: अँटेनाची उंची मीटरमधे घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर तुमचं रेडिओचं क्षितिज. हातात धरलेला हँडी दीड मीटरवर असतो, म्हणजे ५ किमी, समोरच्याचे ५, मिळून १० किमी, आणि तेही सपाट मोकळ्या जागेत. इमारतींच्या गर्दीत दोन-तीन किमी मिळाले तरी खूप. डब्यावर "५० किमी रेंज" छापलेलं असतं ते एक माणूस या डोंगरावर नि दुसरा त्या डोंगरावर उभा असेल तर खोटं नाहीये, पण तुम्ही तिथे राहत नाही.

आता तीच अँटेना १० मीटरवर चढवा, तुमचं एकट्याचं क्षितिज १३ किमी होतं. पॉवरने हे होत नाही. ५ वॅटचे ५० वॅट केले तर फरक १० डेसिबल (सिग्नलच्या जोराची वाढ-घट मोजायचं माप), समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवणारा मीटर) दोन घरंसुद्धा पूर्ण नाहीत. पुसट सिग्नल स्वच्छ होईल हे खरं, पण मधे आलेला डोंगर काही हलत नाही. त्यामुळे ५ वॅटचा हँडी घेऊ की ८ वॅटचा, यावर तास तास वाद घालणाऱ्यांची मला गंमत वाटते, दोन्हीत फरक २ डेसिबल, कानाला जवळजवळ कळतही नाही.

हँडी घेताना मी वॅट बघतच नाही. बॅटरी चटकन बदलता येते का, साधे एए सेल टाकायची केस मिळते का, यूएसबीवर चार्ज होतो का, आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटरशिवाय, नुसत्या कीपॅडवरून फ्रिक्वेन्सी नि टोन टाकता येतो का, हे बघतो. बाओफेंग यूव्ही-५आर सारखा स्वस्त हँडी शिकायला ठीक आहे, हरवला तरी जीव जळत नाही. पण त्याचा रिसीव्हर कच्चा, आसपास मोठे ट्रान्समीटर असलेल्या जागी त्याला छतावरची मोठी अँटेना जोडली तर तो जास्त ऐकायच्या ऐवजी बहिरा होतो, कारण नको ते सिग्नल आत घुसून हवा तो दाबून टाकतात. अँटेना मागवताना कनेक्टरही बघा: या बाओफेंगवर एसएमए (फिरवून बसवायचा छोटा जोड) मेल, म्हणजे मधे पिन असलेला असतो म्हणून अँटेना फिमेल, मधे भोक असलेली लागते, आणि बऱ्याच जपानी हँडींचं बरोबर उलटं.

हँडीबरोबर येणारी ती रबराची बुटकी अँटेना खिशात मावावी म्हणून केलेली तडजोड आहे. टू मीटरवर लहरीची पाव लांबी म्हणजे क्वार्टर वेव्ह होते जवळपास ४९ सेंटिमीटर, आणि ही असते त्याच्या निम्मीसुद्धा नाही. लांब व्हिप, म्हणजे लवचिक काडीसारखी अँटेना लावली की लगेच फरक पडतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे शेपटी: ४९ सेंटिमीटर साधी वायर घ्या, एका टोकाला गोल लग (भोक असलेली धातूची चकती) लावा, तो अँटेनाच्या बुडाशी कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला टेकेल असा अडकवा, मधल्या पिनला लागू देऊ नका, आणि वायर खाली लोंबती सोडा. अँटेनाला जो दुसरा अर्धा भाग हवा असतो तो एरवी तुमचं शरीर कसाबसा पुरवतं, इथे तो वायर पुरवते.

डीएमआर, डी-स्टार, फ्यूजन वगैरे, आवाजाचे आकडे करून पाठवणाऱ्या डिजिटल पद्धतींवर हौसेने खेळा, मजा येते. पण त्यातलं लांबचं बोलणं बरंचसं रिपीटर आणि इंटरनेटच्या जिवावर चालतं आणि एकाचं डिजिटल दुसऱ्याला ऐकू जात नाही. गडबडीच्या वेळी सगळ्यांकडे असतं ते साधं अॅनालॉग एफएम, तेही सिम्प्लेक्स, म्हणजे थेट रेडिओ ते रेडिओ, रिपीटर बंद पडला तरी चालणारं. त्यामुळे ते नीट जमलं पाहिजे.

एकच रेडिओ घ्यायचा असेल तर माझं मत विचाराल तर गाडीत बसवायचा ५० वॅटचा ड्युअल बँड (दोन्ही बँडचा) मोबाइल रिग, म्हणजे रेडिओ सेट घ्या आणि तो घरीच १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा. तीन हँडी घेण्यापेक्षा हे बरं. रिसीव्हर दणकट असतो, आवाज मोठा असतो, आणि बाहेरची अँटेना तो पेलतो.

त्या रिगला अँटेना? ग्राउंड प्लेन, म्हणजे मधे उभी तार नि खाली पसरलेल्या तारा असलेली अँटेना घरी करा, विकत नका घेऊ. एक एसओ-२३९ सॉकेट (केबल जोडायचं), मधल्या पिनला सोल्डर केलेली उभी तांब्याची जाड तार, आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत नट-बोल्टने चार तारा, खाली ४५ अंशात वाकवलेल्या, म्हणजे अँटेना रिगला नि केबलला हव्या असलेल्या ५० ओमच्या जवळ जाते. उभी तार ४९ सेंटिमीटर हवी पण कापताना ५१ ची कापा, खालच्या चार ५२ च्या ठेवा. मग एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) लावून उभ्या तारेचं टोक दोन-तीन मिलिमीटर, दोन-तीन मिलिमीटर असं छाटत छाटत खाली या, कारण जास्त कापलं की परत जोडता येत नाही. हीच अँटेना ४३५ वर पाऊण वेव्ह होते, मॅच, म्हणजे केबलशी जुळणी, बऱ्यापैकी दिसतो पण सिग्नल बराचसा वर आभाळाकडे जातो, जवळच्या कामापुरतं चालतं. विकतची घेतलीच तर गेनचे (अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचे) आकडे सांभाळून वाचा, डीबीआयमधे (सगळीकडे सारखा सिग्नल फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना) लिहिलेला आकडा डीबीडीपेक्षा (साध्या दोन हातांच्या डायपोल अँटेनाशी तुलना) २.१५ ने मोठा दिसतो आणि विकणारे तोच छापतात. शिवाय जास्त गेनची लांब उभी अँटेना सिग्नल आडवा चपटा दाबते, सपाट प्रदेशात झकास, पण तुम्ही दरीत आणि समोरचा डोंगरावर असेल तर सिग्नल त्याच्या खालून निघून जातो. एकाच दिशेला बोलायचं असेल तर यागी, म्हणजे जुन्या टीव्हीसारखी आडव्या काड्यांची अँटेना.

केबलवर मात्र कंजुषी करू नका, इथे पैसे सगळ्यात गुपचूप गळतात. आरजी-५८ या बारीक जातीची २० मीटर केबल ४३५ वर ७-८ डेसिबल खाते, ५ वॅट ओतले तर वर जेमतेम एक वॅट पोचतो. टू मीटरवर जरा बरं, तरी निम्म्याहून जास्त जातंच. आरजी-२१३ किंवा एलएमआर-४०० अशी जाड केबल घ्या, नाहीतर केबल आखूड ठेवा. वरचा जोड पाणी जाणार नाही असा सेल्फ-फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने गुंडाळा, पाणी शिरलं की केबल गेली. एसडब्ल्यूआरचं लोकांना उगाच भूत असतं: २ असला तर ११ टक्के पॉवर परत येते, दीड असला तर ४ टक्के, झोप उडायचं कारण नाही. उलट फार सुंदर दिसत असेल तर संशय घ्या, कारण खराब केबल परत येणारी पॉवरही खाऊन टाकते आणि मीटर खूश दिसतो. डमी लोडचा (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर तर १ असतो आणि त्यातून शेजारच्या खोलीत धड ऐकू जात नाही.

शंभर-दोनशे किलोमीटरवर, मधे डोंगर असताना, रिपीटरशिवाय बोलायचं असेल तर एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्ह. इथे मजा अशी की अँटेना उंच नसली तरी चालतं, किंबहुना ४-५ मीटरवर बांधलेला ४० मीटर बँडचा डायपोल सिग्नल सरळ वर फेकतो, आयनोस्फिअरवरून (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) तो छत्रीसारखा खाली पसरतो आणि आसपासचे तीन-चारशे किमी झाकले जातात. याला एनव्हीआयएस म्हणतात. दिवसा ४० मीटर, रात्री बहुधा ८० मीटर. डायपोलची लांबी: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ मेगाहर्ट्झला (४० मीटर बँड) २०.१ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा, पीव्हीसीचं कव्हर असलेली वायर असेल तर अजून थोडी कमी. जागेची अडचण असेल तर एका टोकाने फीड करायची एंड-फेड, जुळणी करून देणाऱ्या ४९:१ च्या ट्रान्सफॉर्मरसह, तीच २० मीटर वायर २०, १५ आणि १० मीटर बँडवरही चालते, एकच झाड पुरतं. फक्त वायर वीजवाहिनीच्या वरून किंवा खालून कधीच न्यायची नाही, ती तुटून पडली तर कुठे पडेल हे आधी बघायचं, आणि गडगडाट सुरू व्हायच्या आत केबल रिगपासून काढून घराबाहेर ठेवायची.

बॅटरी. १०० वॅटचा एचएफ रिग बोलताना २० अँपिअरपर्यंत ओढतो आणि नुसता ऐकताना एकेक अँपिअर, म्हणजे २० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी काही न बोलताही एका दिवसात संपते. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकतो, लेड-अॅसिड निम्मी उतरली की बरेच रिग कुरकुरतात. आणि पॉवर १०० वरून २० वॅटवर आणा, समोरच्याला एस-मीटरवर एका घराहून थोडाच जास्त फरक दिसतो, पण बॅटरी कितीतरी जास्त टिकते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, प्लस-मायनस दोन्हीला. रिगची वायर, चार्जरची वायर, सगळ्यांना एकाच जातीचे कनेक्टर लावून टाका म्हणजे दुसऱ्याची बॅटरीही तुमच्या रिगला लागते.

सगळं जमवल्यावर एका संध्याकाळी घराचा मेन स्विच बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात लोकल नेटवर, म्हणजे भागातले हॅम ठरलेल्या वेळी रेडिओवर जमतात तिथे, चेक-इन (हजेरी) करून बघा, काय विसरलंय ते तिथेच कळेल, बहुतेक वेळा एखादा अॅडॉप्टर नाहीतर मायक्रोफोनची केबल असते. चॅनेलची यादी, फ्रिक्वेन्सी, ऑफसेट, टोन, कोण कुठे भेटेल, हे कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत रेडिओसोबत ठेवा, आणि मागच्या बाजूला बॅटरी शेवटची कधी चार्ज केली ती तारीख पेन्सिलने.