कबड्डीत छातीला मार बसून खेळाडू कोसळला, तर या चुका टाळा

नवी मुंबईच्या गावठाणांत कबड्डी रात्री रंगते. अशाच एका स्पर्धेत मी गुणलेखकाच्या टेबलावर बसलो होतो. १७ वर्षांचा चढाईपटू बोनस घेऊन परत फिरला आणि कोपरारक्षकाने धावत येऊन डॅश मारला. खांदा थेट छातीच्या डाव्या बाजूला बसला. पोरगा दोन पावलं चालला आणि मध्यरेषेच्या अलीकडे तोंडावर पडला.

पुढे जे झालं ते सगळं मायेपोटी झालं. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली. पाय झटकत होता म्हणून 'फिट आली' असं ठरलं आणि मुठीत किल्ल्या कोंबल्या गेल्या. मग त्याला उचलून रिक्षात घातलं. दवाखाना गाठेपर्यंत १४ मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात त्याच्या छातीवर कोणी हात ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तो वाचला नाही.

'श्वास कोंडलाय, उठेल आत्ता'

श्वास कोंडलेला खेळाडू कण्हतो, पोट धरतो, कूस बदलतो. हृदय थांबलेला हाकेला ओ देत नाही. छातीवरचा मार हृदयाच्या ठोक्यातल्या एका नेमक्या क्षणी बसला, तर निरोगी हृदयही आकसायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं आणि रक्त पुढे जात नाही. हा क्षण सेकंदाच्या काही शतांश भागाइतकाच असतो. याला 'कमोशिओ कॉर्डिस' म्हणतात. फासळी मोडलेली नसते, वळही नसतो, म्हणून लोक फसतात. कोवळ्या मुलांची छाती लवचिक असल्यामुळे त्यांना धोका जास्त. खांदा, कोपर, गुडघा, सीझन बॉल, काहीही पुरतं. जोरही फार लागत नाही.

२ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉलमधला दमार हॅमलिन असाच एक टॅकल करून उठला आणि लगेच कोसळला. मैदानावरच सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि हृदयाला विजेचा शॉक मिळाला. तो वाचला, पुन्हा खेळलाही.

झटके आणि आचके

आमची सगळ्यात मोठी चूक हीच. हृदय थांबल्यावर मेंदूला रक्त मिळत नाही, म्हणून काही क्षण हातपाय झटकतात. घोरल्यासारखे तुटक आचकेही येतात. ते पाहून 'श्वास चालू आहे' म्हणत माणसं थांबतात. तो श्वास नव्हे. मैदानावर अचानक कोसळला, हाकेला उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की नाडी शोधत बसू नका. सरळ छाती दाबायला घ्या.

छातीच्या मधोमध, हाडावर, तळहाताची टाच. दुसरा हात त्यावर. कोपर ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला हात खोल जात नाही. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. बरगडी मोडेल ही भीती सोडा, मोडलेली बरगडी जुळते.

चढाई ३० सेकंदांची असते. सीपीआर आणि शॉक दोन्ही नसतील, तर दर दोन चढायांच्या वेळात, म्हणजे दर मिनिटाला, जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून आधी मैदानावर दाबणं, नेणं नंतर.

एईडी असून नसल्यासारखं

काही सोसायट्या, क्लब, मॉलमध्ये ही शॉक देणारी पेटी असते, पण कपाटाला कुलूप आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे. 'चुकून शॉक बसला तर?' या भीतीनेही कोणी हात लावत नाही. मशीन आधी ठोके स्वतः तपासतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. जर्सी फाडा, घाम आणि माती पुसा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेखाली. शॉकच्या वेळी कोणी शिवू नका, आणि शॉक बसला की लगेच पुन्हा दाबायला लागा.

जुन्या खुणा झाकणं

प्रत्येक वेळी कारण मारच असतं असं नाही. २००३ मध्ये कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए कोणी धडकलं नसताना मैदानात कोसळून गेला. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड होता. धावताना चक्कर येणं, छातीत धडधड, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, ही माहिती पोरं प्रशिक्षकापासून लपवतात, कारण संघातली जागा जाईल. ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. अंगात ताप असताना सामना खेळवू नका, तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. आणि शुद्धीवर आलेल्याला 'मध्यंतरानंतर उतर' असं कधीही सांगू नका. त्याची जागा दवाखान्यात आहे.

पत्ता आणि वाट

१०८ ला 'सेक्टर ५, शाळेमागे' असं सांगितलं जातं. सेक्टर ५ वाशीतही आहे, ऐरोलीतही. आधी नोडचं, म्हणजे वाशी की ऐरोली त्या उपनगराचं नाव, मग सेक्टर. फोन स्पीकरवर ठेवा. आमच्या गावठाणात रुग्णवाहिका शेवटच्या गल्लीत अडकते, प्रेक्षकांच्या बाइकमुळे. आता आम्ही नाणेफेकीआधी गल्ली मोकळी करतो, पूर्ण पत्ता गुणलेखकाच्या टेबलावर चिकटवतो आणि दोन्ही कर्णधारांना दाखवतो की पेटी कुठे आहे, दाबणारे चौघे कोण आणि नाक्यावर गाडीला वाट दाखवायला कोण पळणार.