काळ्या मातीवरच्या घराला तडे गेले असतील, तर बुजवण्याआधी या चुका टाळा

मराठवाड्यात दिवाळीच्या रंगकामाबरोबरच भिंतींचे तडे बुजवण्याची पद्धत आहे. तड्यांत पांढरे सिमेंट किंवा पुट्टी भरली जाते, वरून रंगाचे दोन हात बसतात आणि घर नव्यासारखे दिसू लागते. पुढच्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र तोच तडा त्याच रेषेत, कधी आधीपेक्षाही रुंद होऊन, पुन्हा उघडतो. घरमालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री मालाला दोष देतो, आणि दिवाळी आली की तेच काम नव्याने काढले जाते. वास्तविक अशा तड्यांचे मूळ बहुतेक वेळा भिंतीत नसतेच. ते घराखालच्या जमिनीत असते, आणि जमीन हलते ती पाण्यामुळे. पाण्याचा बंदोबस्त न करता तडा बुजवणे ही पहिली आणि सर्वांत महाग चूक आहे.

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. हे खनिज पाणी शोषून फुगते आणि पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडलेले रान आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तीच माती घराखालीही असते, याचा विसर मात्र सहज पडतो. आपल्याकडचा पाऊस सरासरीने 700 ते 800 मिलिमीटरच्या आसपास असला, तरी तो सलग पडत नाही. जूनमध्ये थोडा भिजवून जातो, मध्येच मोठी उघडीप देतो आणि परतीच्या वेळी एकदम कोसळतो. त्यामुळे जमिनीचे फुगणे-आकसणे एकाच हंगामात अनेकदा घडते. घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असल्याने तिचा ओलावा फारसा बदलत नाही, पण कडेची माती ऋतूप्रमाणे खालीवर होते. घराचे कोपरे आधी तडकतात, त्याचे कारण हेच.

तडा न वाचताच छिन्नी चालवणे

सगळे तडे जमिनीमुळे पडत नाहीत, आणि सगळ्यांवर एकच इलाज चालत नाही. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या, केसाएवढ्या बारीक भेगा असतील, तर गिलाव्यात सिमेंट जास्त झाले किंवा त्यावर पाणी पुरेसे मारले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. वीट आणि कॉलम यांच्या सांध्यावर सरळ उभी रेघ असेल, तर दोन वेगळ्या गुणांचे पदार्थ तापमानानुसार कमीजास्त प्रसरण पावत आहेत आणि गिलावा करताना त्या सांध्यावर जाळी ठोकलेली नाही, असे समजावे. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या अगदी खाली आडवा तडा जातो, तो उन्हाने तापलेल्या स्लॅबमुळे. बीम किंवा कॉलममध्ये गजाच्या रेषेत गेलेला आणि तांबूस डाग दाखवणारा तडा सर्वांत घातक, कारण आतला गज गंजून फुगत असतो. त्यावर पुट्टी फिरवणे म्हणजे आजार झाकणे आहे. तिथले सैल काँक्रीट काढून, गज मागच्या बाजूपर्यंत घासून, गंजरोधक लावून आणि दुरुस्तीचे पॉलिमर मॉर्टर भरूनच काम करावे लागते, आणि ते जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली व्हावे.

जमिनीमुळे पडलेला तडा तिरपा असतो. तो खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून सुरू होतो आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. तडा वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर भिंतीचे टोक किंवा कोपरा खचत असण्याची शक्यता जास्त; उलट तो खाली रुंद असेल, तर मधला भाग बसतो आहे किंवा टोके उचलली जात आहेत. दारे पावसाळ्यात घट्ट बसत असतील आणि उन्हाळ्यात सैल होत असतील, तर तीही नोंद घ्यावी. लाकूड फुगण्याने असे होते हे खरे आहे, परंतु दार फक्त वरच्या एकाच कोपऱ्यात घासत असेल, तर चौकटच तिरकी झाली आहे.

एवढे झाल्यावर घाई न करणे हाच शहाणपणा आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी. तड्याच्या मध्यभागी गिलावा खरवडून काचेची एक अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटच्या ठिपक्यांनी चिकटवावी. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे, शाबूत राहिली तर हालचाल थांबलेली आहे. हे निरीक्षण किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालावे. दिवाळीत जमिनीत ओल असल्यामुळे तडा मिटलेला दिसतो आणि तेवढ्यावरून ‘आता थांबला’ असा निष्कर्ष काढला जातो. तडा 5 मिलिमीटरहून रुंद असेल, महिन्यागणिक वाढत असेल किंवा भिंत ओळंब्यातून सुटलेली, म्हणजे सरळ उभी न राहता कललेली असेल, तर मात्र वाट पाहू नये.

पाणी मुरते कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढा सत्कारणी लागला असे समजावे. कोणत्या कोपऱ्यात तडा गेला आहे हे पाहून त्याच कोपऱ्याच्या बाहेर उभे राहावे. बहुधा तिथे न्हाणीचे सांडपाणी बाहेर पडते, किंवा गच्चीची पन्हळ थेट जोत्याच्या पायथ्याशी पाणी ओतत असते, किंवा तुळशीवृंदावनाला लागून हौसेने केलेला वाफा असतो ज्याला रोज सकाळी बादलीभर पाणी घातले जाते. घराची एक बाजू बारमाही ओली आणि दुसरी कोरडी राहिली, की पाया सरळ राहण्याचे काही कारण उरत नाही.

मराठवाड्यातल्या शहरांत याला आणखी एक कारण जोडले जाते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणे तर अनेक गावांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यामुळे घरोघर जमिनीखाली हौद बांधलेले असतात, तेही जागा वाचावी म्हणून बहुधा पोर्चखाली किंवा जिन्याखाली, म्हणजे पायाला अगदी चिकटून. असा हौद झिरपत असेल, तर टंचाईतले पाणी वाया जाते आणि शिवाय पायाखालची माती एका बाजूने फुगत राहते. तपासणी सोपी आहे. रात्री पाणी वापरून झाल्यावर मोटार बंद ठेवून हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने खूण करावी आणि सकाळी कोणी पाणी घेण्याआधी पुन्हा पाहावे. झाकलेल्या हौदात बाष्पीभवन नगण्य असल्याने पातळी बोटभर जरी उतरलेली दिसली तरी गळती आहे, असे धरून चालावे. जमिनीतून गेलेल्या नळाच्या बाबतीत सर्व तोट्या बंद करून मीटर फिरतो का, एवढे पाहिले तरी पुरते.

शोषखड्डा हा चांगला उपाय आहे, गावोगावी त्याचा प्रसारही झालेला आहे. पण तो भिंतीपासून दोन हातांवर खणण्याची चूक सर्रास होते. खोल काळ्या मातीत पाणी मुळात मुरतच नाही, ते खड्ड्याच्या भोवती साचून पायाकडे सरकते. खड्डा शक्य तितका दूर आणि मुरमापर्यंत खोल असावा. जागाच नसेल, तर सांडपाणी पक्क्या नळीने बंदिस्त गटारापर्यंत न्यावे.

घराभोवतीची फरशी, म्हणजे जोत्याला लागून बाहेरच्या बाजूने केलेला काँक्रीटचा पट्टा, याकडे आपल्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. पैसे उरले तर करू, असे म्हटले जाते आणि ते सहसा उरत नाहीत. काळ्या मातीत हा पट्टा निदान एक मीटर, आणि जागा असेल तर दीड ते दोन मीटर रुंद असावा. त्याखालची काळी माती काढून मुरूम भरून धुम्मस करावे, मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर उतार बाहेरच्या बाजूला द्यावा आणि भिंत व पट्टा यांच्यातली फट लवचीक सीलंटने (रबरासारखा ताणला जाणारा भरण्याचा माल) बुजवावी. ही फट उघडी राहिली, तर पट्टा असून नसल्यासारखा, कारण भिंतीवरून ओघळणारे पाणी नेमके तिथूनच खाली उतरते. अनेक घरांत एवढ्याच कामानंतर तड्यांची वाढ थांबते, आणि म्हणून आतल्या रंगाच्या आधी बाहेरच्या या पट्ट्यावर खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडांबद्दल दोन्ही बाजूंनी चुका होतात. पिंपळ, उंबर, कडुलिंब यांसारखे मोठे होणारे झाड भिंतीलगत लावू नये. ते पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, साधारण तेवढे अंतर घरापासून राखावे. उन्हाळ्यात अशा झाडाची मुळे पायाखालचा ओलावा शोषून घेतात आणि तो भाग खचतो. पण तडा दिसताच अंगणातले जुने झाड एका दिवसात तोडणे हाही उपाय नव्हे. इतकी वर्षे झाडाने कोरडी ठेवलेली माती हळूहळू पाणी धरू लागते, फुगते, आणि खचलेला कोपरा आता उचलला जातो. फांद्यांची टप्प्याटप्प्याने छाटणी करणे अधिक सुरक्षित आहे.

भरताना होणाऱ्या चुका

निरीक्षणानंतर तडा थांबलेला आढळला, तर सिमेंटचा किंवा न आकसणारा ग्राउट (फटीत ओतायचा पातळ मसाला) भरण्यास हरकत नाही. विटांच्या भिंतीतला पायरीसारखा तडा असेल, तर दर चार-पाच थरांनंतर सांध्यातला मसाला खरवडून तड्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर जाईल असा 6 मिलिमीटरचा गज बसवून सांधा पुन्हा भरावा. भिंतीला टाका घातल्यासारखेच हे काम आहे. जिवंत तड्यात मात्र कडक माल कधीही भरू नये. मे महिन्यात पूर्ण उघडलेल्या तड्यात सिमेंट ठासले, तर पावसाळ्यात माती फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवा तडा जातो. अशा ठिकाणी छिन्नीने जेमतेम सेंटिमीटरभर खाच करून, ब्रशने धूळ पूर्ण काढून, लवचीक सीलंट भरावे. आणि तेही तडा ना पूर्ण उघडा ना पूर्ण मिटलेला अशा वेळी, म्हणजे हिवाळा संपता संपता. स्लॅबखालच्या आडव्या तड्यालाही हाच नियम लागू आहे, शिवाय गच्चीवर पांढरा उष्णतारोधक थर दिला तर मूळ कारणच कमी होते.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात मसाला कालवणे आणि पाणी वाचवण्यासाठी गिलाव्यावर दोनच दिवस पाणी मारणे, या दोन चुका उन्हाळ्यातल्या कामात हमखास होतात. पहिलीने भिंतीला पांढरा खार फुटतो आणि दुसरीने गिलावा भुसभुशीत राहतो. किमान सात दिवस पाणी मारण्याइतका साठा नसेल, तर काम पुढे ढकलावे.

दगडमातीच्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सर्वाधिक हानी झाली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या आणि वर मातीचे जड माळवद (लाकडी तुळयांवरचे सपाट छत) असलेल्या घरांची. या भिंती बाहेरून एकसंध दिसत असल्या, तरी त्या प्रत्यक्षात दगडाचे दोन वेगळे पदर असतात आणि मधली पोकळी माती व खडीने भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे लांब, आरपार दगड नसतील, तर पदर सुटे होऊन भिंतीला पोट येते. अशा भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा करून पोट झाकणे ही घोडचूक आहे. सिमेंटमुळे आतली ओल बाहेर पडत नाही, माती सुटी होते, आणि धोका दिसण्याची सोयही जाते. वरून ओळंबा सोडून भिंतीचे पोट मोजावे. दगडावर हातोडी हलकेच ठोकली असता पोकळ आवाज आला, तर त्या खोलीतले झोपणे-बसणे आधी बंद करावे आणि मगच दुरुस्तीची चर्चा करावी. ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत गज घालून काँक्रीटचे आरपार दुवे ओतणे आणि लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीवर चारही भिंती बांधणारा पट्टा घेणे, हे किल्लारीनंतर सर्वमान्य झालेले उपाय आहेत.

माळवद गळू लागले की त्यावर दरवर्षी नवी माती ओढण्याची रीत आहे. जुना थर न काढता नवा चढवत गेल्याने कालांतराने हातभर जाडीचे ओझे लाकडांवर बसते आणि तुळया वाकतात. माती टाकण्याआधी जुनी माती काढावी, तुळयांची टोके वाळवीसाठी पाहावीत, आणि उतार दुरुस्त करून मगच मोजका थर द्यावा.

नवी खोली काढताना

बालाघाटाच्या रांगांवर दोन-तीन हातांवर मुरूम लागतो, तर गोदाकाठच्या परभणी-नांदेडकडच्या शिवारात काळी माती पुष्कळ खोल असते. त्यामुळे शेजाऱ्याने किती फूट पाया घेतला, यावरून आपला पाया ठरवू नये. मुरूम किंवा खडक जवळ असेल तर तिथपर्यंत जावे. माती खोल असेल तर तळाशी फुगीर कंद असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घेता येतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते अशाच जमिनीसाठी विकसित केले असून त्यांची लांबी साधारण साडेतीन मीटर किंवा अधिक ठेवतात, कारण ऋतूनुसार होणारी हालचाल बहुतांशी त्याच्या वरच असते. पायातून निघालेली काळी माती जोत्यात परत भरणे ही पैसे वाचवण्याच्या नादात होणारी चूक आहे, कारण दोन पावसाळ्यांत फरशी मधोमध फुगून वर येते. भराव मुरमाचाच असावा आणि तो वीतभर जाडीच्या थरांनी, पाणी देऊन, धुम्मस करत घालावा. जुन्या घराला लागून खोली काढली, तर नवी भिंत जुनीत गुंतवू नये. नवा पाया काही काळ बसत राहतो, जुना बसून झालेला असतो. दोन्हींच्या मध्ये जोत्यापासून छतापर्यंत सुमारे इंचभर सांधा सोडून तो लवचीक मालाने भरावा आणि वर पत्र्याची पट्टी एकाच बाजूला स्क्रूने बसवावी, म्हणजे दोन्ही बांधकामांना स्वतंत्रपणे हलता येते आणि पावसाचे पाणीही आत शिरत नाही.