फुलं भरपूर, पण फुलपाखरं थांबत नव्हती : सोलापुरातल्या गच्चीवर कामी आलेला उपाय

लक्षण असं : झिनिया, झेंडू बहरलेले, फुलपाखरं येत, रस पीत आणि निघून जात. अंडी नाहीत, अळ्या नाहीत. आणखी फुलझाडं लावली, बशीत साखरपाणी ठेवलं. मुंग्या तेवढ्या वाढल्या. वैताग आला होता.

खरी गोम अळीच्या खाद्यात होती. मादी अंडी घालते ती पिल्लं खातील त्याच पानावर.

आधी गच्चीवरची सगळी फवारणी बंद केली, निंबोळी अर्कसुद्धा. तोही अळ्यांना मारतो. मग सकाळचं ऊन आणि वाऱ्याला आडोसा असलेल्या कोपऱ्यात अळ्यांचं खाद्य म्हणून कागदी लिंबू आणि कढीपत्ता लावला. रोपवाटिकेतल्या रोपांवर औषध मारलेलं असू शकतं, म्हणून पानं धुतली आणि नवी पालवी येऊ दिली. अंडी बहुधा कोवळ्या पानांवरच सापडतात, एकेकटी, फिकट पिवळी. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, झटकू नका! त्यानंतर मोठ्या कुंडीत रुई लावली. पंखांना काळे-पांढरे टोक असलेल्या नारिंगी 'प्लेन टायगर' फुलपाखराची अळी तिच्यावर वाढते. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. शेवटी उथळ परळात काळी माती, चिमूटभर मीठ आणि जेमतेम ओल राहील एवढं पाणी. नर तिथे क्षार शोषतात.

सोलापुरी उन्हाळ्यात परळ दुपारपर्यंत खडखडीत वाळतो, सकाळी पुन्हा भिजवावा लागतो. कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसणारच. फोडणीसाठी दुसरं झाड ठेवा.